आठ फुटी फोमबोर्डानंतर पुढचा बोर्ड कोणता?

तुम्ही जे विचारले आहे ते थोडक्यात असे. वय ३१, वजन ६८ किलो, उंची ५ फूट ७ इंच, नोकरी कुडाळला. गेल्या दिवाळीपासून पावसाळा वगळता जवळजवळ दर रविवारी पहाटे तुम्ही तारकर्ली-देवबागच्या पुळणीवर सर्फिंग शिकण्यासाठी ८ फुटी फोमबोर्ड, म्हणजे मऊ फोमचा शिकाऊ बोर्ड, घेऊन पाण्यात असता. फेसाच्या लाटेवर आता हमखास उभे राहता येते, न फुटलेली लाट तीन प्रयत्नांत एकदा मिळते, आणि उजवा पाय पुढे ठेवून उभे राहत असल्याने डावीकडे सहज जाता येते, पण उजवीकडे बोर्ड वळत नाही. गोव्यातील एका ओळखीच्या माणसाकडे ६ फुटी शॉर्टबोर्ड, म्हणजे आखूड आणि कडक बोर्ड, विकायला आहे. तो तुमच्या ३५,००० रुपयांच्या मर्यादेत बसतो, गाडीतही मावतो, आणि फोमबोर्डावर प्रगती अडल्यासारखी वाटत असल्यामुळे तो घेऊन टाकावा असे तुमच्या मनात आहे.

घेऊ नका. तुमच्या वजनाला, तुमच्या सरावाला आणि मुख्य म्हणजे आपल्या समुद्राला साजेसा पुढचा बोर्ड ७ फूट ४ इंच ते ७ फूट ८ इंच लांबीचा, सुमारे २२ इंच रुंदीचा आणि ५० ते ५६ लिटर आकारमानाचा असावा. त्याला दुकानदार मिनी-मॅल म्हणतील किंवा फनबोर्ड. नावावर जाऊ नका, मापे पाहा.

कारण सांगतो. एका रविवारी दोन तासांत तुम्हाला दहा लाटा मिळाल्या आणि प्रत्येकीवर तुम्ही पाच सेकंद उभे राहिलात असे धरू. म्हणजे दोन तासांत ५० सेकंद. ऑक्टोबर ते मे या मोसमात साधारण ३४ रविवार येतात. त्यातला एकही चुकला नाही तरी संपूर्ण मोसमात तुमचे बोर्डावर उभे राहणे अर्ध्या तासाच्या आतच भरते. सायकल शिकणाऱ्या मुलाला वर्षभरात अर्धा तास सायकल दिली तर ते जेवढे शिकेल, तेवढेच आपण शिकतो. आता ६ फुटी शॉर्टबोर्डावर त्याच दोन तासांत दोन लाटा मिळतील आणि त्यांवर तीन-तीन सेकंद टिकाल. मोसमाची बेरीज साडेतीन मिनिटांच्याही आत येते. पुढचा बोर्ड निवडताना पहिला प्रश्न ‘हा किती वळतो’ हा नसून ‘याच्यावर मला किती लाटा मिळतील’ हा असायला हवा, कारण वळणे ही नंतरची गोष्ट आहे आणि ती लाट मिळाल्याशिवाय सुरूच होत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. चौदा वर्षांपूर्वी मी स्वतः ८ फुटी बोर्डावरून थेट ६ फूट २ इंचांच्या बोर्डावर आलो, तोही विकणाऱ्याने ‘तुम्ही पोहता चांगले, जमेल’ असे सांगितल्यावर. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मी त्या बोर्डावर बहुतेक वेळ बसून राहिलो. छातीपर्यंत पाण्यात बुडालेला, खांदे भरून आलेले, आणि शेजारी एक चौदा वर्षांचा मुलगा जुन्या लांब बोर्डावर लाटेमागून लाट घेत किनाऱ्याकडे जातो आहे, हे दृश्य मला अजून आठवते. मार्चमध्ये मी पुन्हा मोठ्या बोर्डावर आलो तेव्हा आधी जमत असलेले उभे राहणेही बिघडले होते.

आकारमानाचा हिशेब एकदा नीट समजून घ्या, कारण विकणारे नेमके तेथेच घोळ घालतात. बोर्डाच्या खालच्या बाजूला किंवा स्ट्रिंगरजवळ, म्हणजे बोर्डाच्या मधोमध लांबीभर असलेल्या लाकडी पट्टीजवळ, पेन्सिलीने लिहिलेली मापे असतात: लांबी फूट-इंचांत, रुंदी आणि जाडी इंचांत, आणि अलीकडच्या बोर्डांवर शेवटी लिटर. ७ फूट ६ इंच लांब, २२ इंच रुंद आणि पावणेतीन इंच जाड अशा बोर्डाचा सरळ गुणाकार केला तर सुमारे ८९ लिटरची पेटी होते. पण बोर्डाची दोन्ही टोके निमुळती आणि कडा गोलसर असल्यामुळे प्रत्यक्षात तो ५२ लिटरच्या आसपास भरतो. म्हणजे जुन्या बोर्डावर लिटर लिहिलेले नसतील तरी गुणाकाराच्या साठ टक्क्यांच्या थोडे खाली, हा अंदाज ढोबळ मानाने पुरतो. हे लिटर स्वतःच्या किलोंशी ताडून पाहायचे असतात. तुमचा आत्ताचा ८ फुटी फोमबोर्ड ८० लिटरच्या घरात असणार, म्हणजे तुमच्या वजनाच्या जवळजवळ १.२ पट. मी सुचवतो तो बोर्ड ०.७५ ते ०.८ पट येतो. गोव्याचा शॉर्टबोर्ड, नेहमीच्या पावणेएकोणीस इंच रुंदीचा असेल तर, जेमतेम २८-२९ लिटरचा, म्हणजे ०.४२ पट. ही उतरण पायरीची नाही, ही विहिरीत उडी आहे. ०.४ च्या जवळचे प्रमाण आठवड्यात तीन-चार वेळा पाण्यात उतरणाऱ्या आणि दोन्ही बाजूंना वळणे घेता येणाऱ्या माणसाचे असते.

आता एक सावधगिरी. लिटर म्हणजेच सर्वस्व, असेही नाही. हल्ली ५ फूट १० इंच लांबीचे, पण रुंद आणि फुगीर बोर्ड मिळतात, त्यांवर ४५ लिटर लिहिलेले असते आणि मनुष्य फसतो. तरंगायला तो उत्तम तरंगतो, पण हात मारताना पुढे सरकत नाही. आपल्याकडच्या होडीवाल्यांना याचे कारण समजावून द्यावे लागत नाही: त्याच वजनाची लांब होडी वल्ह्याच्या एका फटक्यात जेवढी घसरते तेवढी आखूड होडी घसरत नाही. लाट पकडणे म्हणजे लाट पायाखाली येण्याआधी तिच्या वेगाच्या जवळ पोचणे, आणि तो वेग दोन हातांनी मिळवायचा असल्यामुळे पाण्याला टेकलेली लांबी कामी येते. म्हणून फिश हा आखूड, रुंद बोर्डाचा प्रकार मला स्वतःला अतिशय आवडत असूनही तो तुमचा दुसरा नव्हे, तिसरा बोर्ड व्हावा असे माझे मत आहे.

आपल्या समुद्राचा विचार न करता परदेशी सल्ला जसाच्या तसा घेतला तर नेमके येथेच चुकते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे येणाऱ्या लाटांचा मोठा भाग वायव्येकडचा असतो. अरबस्तानाच्या बाजूला वाहणाऱ्या ‘शमाल’ वाऱ्यांनी उठवलेल्या त्या लाटा आखूड अंतराच्या, गुडघ्या-कमरेइतक्या आणि कमी जोराच्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेकडून, थेट दक्षिण महासागरातून आलेली लांब पल्ल्याची लाट पोचू लागते, आणि तेव्हा तीच उंची असूनही जोर कितीतरी वाढलेला जाणवतो. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा सागरी अंदाज पाहताना नुसती उंची पाहू नका, दोन लाटांमधला कालावधी पाहा. ६-७ सेकंद असेल तर लाट हातांना ओढत नाही, तुम्हालाच तिला ओढावे लागते. १३-१४ सेकंद असेल तर ती तुम्हाला उचलून नेते. वर्षातले आपले बहुतेक रविवार पहिल्या प्रकारचे असतात, आणि शॉर्टबोर्ड दुसऱ्या प्रकारासाठी घडवलेला असतो. जून ते सप्टेंबरचा विचारच नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, आणि ज्यांचा जन्म या पाण्यावर गेला ते जेव्हा किनाऱ्यावर बसतात तेव्हा आपणही बसावे.

दिवसाच्या वेळेचाही बोर्डाशी संबंध आहे. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने लाटेचा चेहरा स्वच्छ राहतो. साधारण दहा-अकरानंतर खारा वारा धरला की पाणी खवळते आणि हलका, आखूड बोर्ड अक्षरशः थरथरू लागतो. थोडा लांब आणि थोडा जड बोर्ड त्या चोळवटलेल्या पाण्यातूनही सरळ चालतो, त्यामुळे तुमच्या रविवारला आणखी अर्धा-पाऊण तास जोडला जातो.

आकारातल्या इतर गोष्टींपैकी रॉकर, म्हणजे बाजूने पाहिल्यावर दिसणारा बोर्डाचा बाक, तेवढा काळजीपूर्वक पाहा. बोर्ड सपाट लादीवर ठेवून उकिडवे बसून पाहिले की तो लगेच दिसतो. मध्यभाग बराचसा सपाट हवा, कारण सपाट बोर्ड मऊ लाटेवरही वेग धरतो. मात्र पुढचे टोक होडीच्या तोंडासारखे जरा वर उचललेले हवे. उधाणाच्या दिवसांत मालवणच्या बाजूला भरती-ओहोटीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो, आणि तीच पुळण ओहोटीला लांबवर हळूहळू फुटणारी लाट देते, तर पूर्ण भरतीला वाळूच्या चढावर लाट एकदम आपटते. त्या वेळी अगदी सपाट नाकाचा बोर्ड सरळ पाण्यात घुसतो आणि मागून तुम्ही. कडा मध्यभागी गोलसर आणि शेपटीकडे थोड्या टोकदार होत जाणाऱ्या असाव्यात. शेपटी गोल की चौकोनी, या वादात तुम्ही आज पडण्याची गरज नाही.

बोर्ड कशाचा बनलेला आहे हा प्रश्न मात्र कोकणात इतर ठिकाणांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण येथे तो दुरुस्त कोण करणार हे आधी ठरवावे लागते. कडक बोर्ड मुख्यतः दोन प्रकारचे. एकाच्या पोटात पॉलियुरेथेनचा फोम आणि वर पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतूचे कापड. हा प्रकार १९५० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला आणि दीर्घकाळ तोच चालला. दुसऱ्याच्या पोटात ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोलच, आणि वर इपॉक्सी रेझिन. अमेरिकेतील क्लार्क फोम हा पॉलियुरेथेनचे ठोकळे पुरवणारा सर्वांत मोठा कारखाना ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाला, तेव्हापासून दुसऱ्या प्रकाराला जोर आला. इपॉक्सीचा बोर्ड हलका, थोडा अधिक तरंगणारा आणि लहानसहान टोले सहन करणारा असतो. पण त्याला भोक पडले तर थर्माकोलच्या मण्यांमधून पाणी आत शिरते आणि दिवसेंदिवस बाहेर येत नाही. शिवाय उन्हात बंद गाडीत राहिला तर कातडी फोमपासून सुटून फुगते.

आणि खरी मेख पुढेच आहे. आपल्या बंदरांत फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कुशल कारागीर आहेत, बोर्ड फुटला की आपण साहजिकच त्यांच्याकडे धावतो. त्यांच्याकडचे रेझिन जवळजवळ नेहमी पॉलिएस्टरचे असते, त्यात स्टायरीन असते, आणि स्टायरीन थर्माकोल विरघळवते. माझ्या एका विद्यार्थ्याचा इपॉक्सी बोर्ड खडपावर आपटून शेपटीजवळ रुपयाएवढा फुटला होता. त्याने तो एका होडी-कारागिराकडे दिला, मीही तेव्हा गावी नव्हतो. कारागिराने भोक स्वच्छ केले, होडीला लावतो तसेच रेझिन ओतले, आणि आमच्या डोळ्यांदेखत नव्हे पण त्याच्या डोळ्यांदेखत ते भोक तापल्या तव्यावरच्या आंबोळीसारखे जाळीदार होत खाली खचत गेले. रुपयाचे भोक नारळाच्या करवंटीएवढे झाले. दोष त्या कारागिराचा नव्हता, आत थर्माकोल आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून माझा सल्ला असा की जुना बोर्ड घेणार असाल आणि स्वतः दुरुस्ती शिकण्याचा उत्साह नसेल, तर पॉलियुरेथेनचा बोर्ड घ्या. तो थोडा जड असतो, उन्हाने पिवळा पडतो, पण मालवणात किंवा वेंगुर्ल्यात तो दुरुस्त होतो. इपॉक्सीचाच मिळाला तर इपॉक्सी रेझिनची एक छोटी जोडी घरात आणून ठेवा आणि बोर्डाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘आत थर्माकोल’ असे लिहून ठेवा. मी तसे लिहिले आहे. लोक हसतात, हसू देत.

तुमच्या रकमेत चांगला वापरलेला बोर्ड मिळू शकतो, आणि दुसऱ्या बोर्डासाठी वापरलेलाच घ्यावा असे मला वाटते, कारण तो तुमच्याकडून आणखी चार ठिकाणी चेपणारच आहे. तपासताना घाई करू नका. वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासलेले मेण, खरवडून काढायला लावा. वॅक्सखाली पुष्कळ पापे झाकलेली असतात. बोर्ड अंगणात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ठेवा आणि एका टोकाशी डोळा आणून कडेवर पडलेले कौलांचे किंवा माडाचे प्रतिबिंब पाहत चला. प्रतिबिंब जेथे थरकते तेथे कधीतरी दुरुस्ती झालेली आहे. दुरुस्ती असणे हा दोष नाही, पण ती थरक बोर्डाच्या मध्यावर आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जात असेल तर तो बोर्ड मोडून जोडलेला आहे, आणि तो कितीही स्वस्त असला तरी सोडा. नंतर अंगठ्याने डेक, म्हणजे बोर्डाची वरची बाजू, दाबत जा, विशेषतः जेथे मागचा पाय आणि छाती येते तेथे. टाचांचे उथळ खळगे चालतात, पण दाबल्यावर कातडी आत-बाहेर होत असेल किंवा कुरकुर आवाज येत असेल तर ती फोमपासून सुटली आहे. फिनांच्या, म्हणजे बोर्डाखालच्या परांच्या, खाचांभोवती केसासारख्या भेगा आहेत का, लीशच्या, म्हणजे बोर्ड पायाला बांधण्याच्या दोरीच्या, बोळक्याभोवती तपकिरी डाग आहे का, हे पाहा. तपकिरी डाग म्हणजे पाणी आत गेलेले आहे. शेवटी बोर्ड उचलून त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डाशी वजन हाताने ताडून पाहा. पाणी प्यायलेला बोर्ड हाताला लगेच कळतो.

फिना काढता-घालता येणाऱ्या असाव्यात, आणि कोणत्या पद्धतीच्या खाचा आहेत ते विचारून घ्या. एफसीएस आणि फ्यूचर्स या दोन नेहमीच्या पद्धतींपैकी एक असली की एखादी फिन हरवल्यावर नवी मागवता येते. अनोळखी खाचा असल्या तर एका फिनेपायी बोर्ड पडून राहतो. लीश बोर्डाच्या लांबीइतकी किंवा किंचित जास्त, म्हणजे ८ फुटी घ्या. वॅक्स उष्ण पाण्यासाठीचे, ज्यावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलेले असते, तेच. दुसरे आपल्या उन्हात लोण्यासारखे वितळते.

गाडीत मावण्याची तुमची अडचण खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. साडेसात फुटांचा बोर्ड छोट्या गाडीत आत मावणे कठीण, तो टपावर बांधावा लागेल. बोर्ड पालथा, म्हणजे डेक खाली, आणि फिना वर व पुढच्या बाजूला, अशा रीतीने ठेवून रुंद पट्ट्यांनी बांधा. दोरी कडेला कापते. पट्टीला एक पीळ दिला की कुडाळ-मालवण रस्त्यावर ती भुणभुणत नाही. घरी पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नका, मेमध्ये तेथली उष्णता बोर्ड मारते, कौलाखाली चालतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पिशवीतून बाहेर काढा, नाहीतर पिशवीला बुरशी धरते.

कडक बोर्ड आणि फोमबोर्ड यांतला एक फरक तुमच्यापेक्षा इतरांना जास्त भोगावा लागतो. फोमबोर्ड डोक्यात बसला तर टेंगूळ येते, कडक बोर्डाची फिन बसली तर टाके पडतात. सुटीच्या दिवसांत पर्यटक आणि पाण्यावरच्या खेळांच्या बोटी असतात त्या पट्ट्यापासून चांगले लांब उतरा. कोठे रापण लागलेली असेल तर ती ओढून होईपर्यंत पाण्याबाहेर थांबा. जाळ्याच्या दोरात फिन अडकली तर नुकसान दोघांचे होते, आणि किनारा आधी त्यांचा आहे.

राहिली उजवीकडची वळणाची गोष्ट. उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याला उजवीकडे जाताना लाटेकडे पाठ करावी लागते आणि भार टाचांवर घ्यावा लागतो. हे प्रत्येकालाच उशिरा जमते आणि त्याचा बोर्डाच्या लांबीशी फारसा संबंध नाही. पुढचे चार रविवार आहे त्याच फोमबोर्डावर, फक्त उजवीकडे फुटणाऱ्या लाटा घ्या. पायाकडे न पाहता उजव्या खांद्यावरून पुढे, लाट जेथे अजून फुटलेली नाही तेथे पाहा, आणि गुडघे वाकवून जणू खुर्चीच्या काठावर बसता आहात असा टाचांवर भार द्या. न फुटलेल्या लाटा तीनांत दोन मिळू लागल्या आणि उजवीकडे चार-पाच सेकंद जाता आले की बोर्ड घेण्याची वेळ झाली.

घेण्यापूर्वी एकदा भाड्याने चालवून पाहा. कोकण रेल्वेने कुडाळहून कर्नाटकातील मुल्कीला जाता येते. तेथे २००४ पासून सर्फिंग शिकवले जाते, आणि शाळांकडे वेगवेगळ्या लांबीचे बोर्ड असतात. दोन दिवस राहा, पहिल्या दिवशी साडेसात फुटांचा घ्या, दुसऱ्या दिवशी हट्टाने ६ फुटीही घ्या, आणि दोन्ही दिवशी मिळालेल्या लाटा मोजा. नवा बोर्ड आला तरी फोमबोर्ड विकू नका. जानेवारीत गुडघ्याएवढी लाट असेल त्या रविवारी तोच बाहेर काढायचा आहे, आणि पुढेमागे घरातले कोणी शिकायला आले तर त्यांनाही तोच द्यायचा आहे. फक्त तो जमिनीवर ठेवू नका. माझ्या फोमबोर्डाची शेपटी एका पावसाळ्यात उंदरांनी कुरतडली होती.